निनावी माणसाचं शील

"हिंमत असेल तर स्वतःच्या नावानं लिही."

आपल्या पोरांनी फेसबुकवर काही लिहिलं की खाली हे वाक्य हमखास येतं. म्हणणारा कोण असतो? बहुतेक वेळा असा माणूस, ज्याच्या आडनावामागं अख्खं गाव उभं असतं, ज्याला पोलीस ठाण्यात आधी खुर्ची मिळते आणि मग चहा. त्याला नाव सांगायला हिंमत लागत नाही. नाव सांगितलं की त्याची कामं होतात. आपण नाव सांगितलं की पुढचा आडनाव विचारतो, मग गाव, मग गावात कुठल्या अंगाला राहता ते. नागापूरच्या एम.आय.डी.सी.त कामाला आलेल्या आणि आसपास भाड्यानं खोली शोधत फिरणाऱ्या आपल्या कुठल्याही कामगाराला विचारा. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असते.

तेव्हा हिंमतीचं माप दोघांना एकच लावता येत नाही. एकाचं नाव म्हणजे त्याचा पासपोर्ट, दुसऱ्याचं नाव म्हणजे त्याच्यावरचं वॉरंट.

पण एवढं बोलून आपली सुटका होत नाही. खरा प्रश्न पुढंच आहे. चळवळीतल्या माणसानं नाव झाकून लिहावं का? आणि झाकलं, तर त्याच्यावर काही बंधन उरतं का? हा प्रश्न मला मोबाइलचा वाटत नाही. शीलाचा वाटतो.

आधी इतिहास बघू. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये त्यांची शतपत्रं आली, ती 'लोकहितवादी' या नावानं. त्यांना कोणी भेकड म्हणत नाही, थोर समाजसुधारक म्हणतात. शिरवाडकरांनी कुसुमाग्रज नावानं कविता लिहिल्या. त्याला टोपणनाव म्हणतात. आपल्या पोरानं तेच केलं की त्याला 'फेक आयडी' म्हणतात. शब्दसुद्धा जात बघून वापरले जातात.

आता आपल्या घरातलं बघा. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघालं. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर होते, म्हणजे सरकारी नोकरीत. संपादक म्हणून नाव लागलं पांडुरंग नंदराम भटकर यांचं. विचार बाबासाहेबांचा, लेखणी बाबासाहेबांची, पण अंकावर नाव नाही. सात वर्षांनी, ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघालं तेव्हा संपादक म्हणून ते स्वतः उभे राहिले. नाव कधी मागं ठेवायचं आणि कधी पुढं करायचं, हे बाबासाहेबांनी स्वतः ठरवलं. विरोधकांनी डिवचलं म्हणून ठरवलं नाही.

आणि याच्या नेमकी उलटी गोष्टही आपलीच आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मांगमहारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. हे 'ज्ञानोदय' १८४२ साली आपल्या नगरातच सुरू झालेलं. निबंध लिहिणारी मुक्ता, जोतिबा-सावित्रीच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांगाची पोर. तिनं स्वतःच्या नावानं लिहिलं. सरकारी नोकरीतला माणूस नाव झाकतो आणि ज्या पोरीला गावात सावली टाकायची चोरी, ती नावानिशी बोलते. दोन्ही बरोबर. कारण ज्याच्या अंगावर काठी पडणार, नावाचा निर्णय त्याचा. बाहेरच्यानं त्याला 'नाव सांग' म्हणून डिवचू नये. आणि आपल्यातल्या कोणी त्याला 'हो पुढं' म्हणून ढकलू नये. दुसऱ्याच्या पाठीवर आपलं शौर्य लिहिणारे पुढारी आपण काय कमी पाहिलेत?

काठी पडते म्हणजे काय, ते काही उदाहरणांतनं बघू. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना पोलिसांनी अटक केली. एकीनं बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या नुसत्या 'लाइक' केल्या. एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. आयटी कायद्याचं जे ६६-अ कलम अशा अटकेला वापरलं जायचं, ते सुप्रीम कोर्टानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. कलम गेलं. दवाखाना फोडणारे हात कुठं गेले? ते कलमावर चालत नव्हतेच.

त्याच वर्षी, मे २०१५ मध्ये, आपल्याच जिल्ह्यात शिर्डीला नर्सिंग शिकणाऱ्या आपल्या एका पोराचा खून झाला. त्याच्या फोनची रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती, त्यावरून वाद झाला आणि त्याला मारलं, अशी फिर्याद झाली. त्यानं काही लिहिलं नव्हतं, कोणाला शिवी दिली नव्हती. नुसता फोन वाजला. ज्यांना वाटतं की आपण फोन वापरतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. फोन आपल्याबद्दल बोलत असतो, आपण गप्प बसलो तरी.

आणि ही गोष्ट शिर्डीपुरती किंवा भारतापुरतीही राहिलेली नाही. २०२० साली अमेरिकेत कॅलिफोर्निया सरकारच्या खात्यानं सिस्को कंपनीवर जातिभेदाचा दावा लावला. जगभरच्या कम्प्युटरांना जोडणारी यंत्रं बनवणारी ही कंपनी. तक्रार एका दलित इंजिनिअरची होती, वरच्या जातीच्या भारतीय साहेबांविरुद्ध. कंपनीनं आरोप नाकारले. पण दाव्यात त्या इंजिनिअरचं नाव नाही. तिथं लिहिलंय 'जॉन डो', म्हणजे कोणीएक. खरं नाव द्यावं की नाही यावरच भांडण वरच्या कोर्टात गेलं. २०२२ साली तिथल्या अपील कोर्टानं म्हटलं, की नाव झाकायचं का हे ठरवताना भारतात राहणाऱ्या त्याच्या घरच्यांना होणारा धोकाही धरला पाहिजे. बघा, सातासमुद्रापार, एवढं शिकलेला, डॉलरमध्ये पगार घेणारा माणूस. तरी नाव फुटलं तर मार इथल्या घराला. जात विमानात बसून त्याच्याबरोबर गेली, आणि घर इथं ओलीस राहिलं.

म्हणून नाव झाकण्याला मी पळ म्हणत नाही. पण आता आपल्यावर येतो.

ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या मैदानावर बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात खोटं न बोलण्याची एक आहे. मग खोट्या नावानं लिहिणं हे खोटं बोलणं होत नाही का? आपले काही जुने उपासक असा प्रश्न करतात, आणि तो उडवून लावायचा प्रश्न नाही.

मला असं दिसतं. खोटं कशाला म्हणायचं? ऐकणाऱ्याचं काही लुबाडायला जे बोललं जातं ते खोटं. माझं नाव हे माझं आहे, वाचणाऱ्याचं ते देणं नाही. मी 'एक कामगार' म्हणून लिहिलं आणि मी कामगार असेन, तर मी नाव राखलं, खोटं बोललो नाही. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तोही याच अंगानं जातो. पण मी बाईचं नाव घेऊन बाईचं दुःख रचलं, घटना न बघता 'मी डोळ्यांनी पाहिलं' असं लिहिलं, एकट्यानं दहा आयडी काढून दहा माणसांचा मोर्चा दाखवला, तर मी वाचणाऱ्याला फसवलं. तिथं प्रतिज्ञा मोडली. मग मजकूर कितीही क्रांतिकारक असो.

म्हणजे झाकायचं तर फक्त नाव. शब्दाची जबाबदारी झाकता येणार नाही. उलट ती वाढते. नावानं लिहिणाऱ्याला लोक जाब विचारू शकतात, म्हणून तो थोडाफार शुद्धीवर राहतो. निनावी माणसाला जाब विचारणारं कोणी नसतं. त्याचं त्यालाच विचारावं लागतं. आपल्या काही पोरांचं इथंच घसरतं. नाव झाकलं की पहिली शिवी दुसऱ्याच्या आईबहिणीला. दुसरी शिवी आपल्याच दुसऱ्या गटाच्या कार्यकर्त्याला. अरे, मुखवटा वरच्याशी लढायला घेतला होता ना? मग त्याच्या आडून शेजाऱ्याला का हाणतो? वरच्यापासून वाचायला घातला तर मुखवटा ढाल आहे. खालच्याला मारायला घातला तर तो गुंडाचा रुमाल आहे.

आता कारखान्यात या. शेडमध्ये एक कम्प्युटर असतो, उत्पादनाची नोंद करायला. तिन्ही पाळ्यांना एकच आयडी, एकच पासवर्ड, आणि तो की-बोर्डखाली चिठ्ठीवर चिकटवलेला. सगळे हसतात, 'आपलं काय चोरणार?' पण नोंदीत घोळ झाला की आयडी कोणाच्या नावावर आहे ते बघतात. ते नाव साहेबाचं कधीच नसतं. कंत्राटी पोराचं असतं. पासवर्ड सगळ्यांचा, जबाबदारी एकट्याची. बलुत्याचा जुनाच हिशोब मशीनवर चढला.

तिथंच जेवणाच्या सुट्टीत कोणी कंपनीच्या कम्प्युटरवर आपलं व्हॉट्सॲप उघडतो आणि तसंच सोडून पाळीवर जातो. संध्याकाळपर्यंत युनियनचा ग्रुप सुपरवायझरच्या डोळ्यांपुढं. त्या ग्रुपात साठ नावं, साठ नंबर. विसरला एक, उघडे पडले साठ. म्हणून मी म्हणतो, पासवर्ड ही खाजगी बाब नाही. माझ्या फोनात तुमचा नंबर आहे, तुमचा निरोप आहे, तुम्ही रडून सांगितलेली गोष्ट आहे. मी ढिला राहिलो तर तुमचा विश्वास मी रस्त्यावर टाकला. निरोप वाटेत कोणाला वाचता येत नाही हे खरं. पण पोचल्यावर तो ज्या फोनात पडतो, त्या फोनाला कुलूप आहे का?

भीमा कोरेगावच्या खटल्यानं हेच शिकवलं, फार महागात. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली. दुसऱ्या दिवशी कोरेगावच्या स्तंभाला मानवंदना द्यायला गेलेल्या आपल्या लोकांवर हल्ले झाले. जून २०१८ मध्ये धरपकड सुरू झाली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग, मुंबईचे सुधीर ढवळे, दिल्लीचे रोना विल्सन, आणि पुढं आणखी कितीतरी. मोठा पुरावा काय, तर कम्प्युटरात सापडलेली पत्रं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी तपासनीस कंपनीचा अहवाल बाहेर आला. बचाव पक्षाच्या वतीनं तिनं विल्सन यांच्या कम्प्युटरची प्रत तपासली होती. तिचं म्हणणं असं. १३ जून २०१६ ला ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून एक मेल आला. त्याला जोडलेली फाइल विल्सन यांनी उघडली, आणि 'नेटवायर' नावाचा चोरप्रोग्राम आत शिरला. बावीस महिने कोणीतरी बाहेरून तो कम्प्युटर चालवत होतं. पत्रं एका लपवलेल्या फोल्डरात टाकली गेली. ती मालकानं एकदाही उघडल्याची खूण नाही. गडलिंग यांच्या कम्प्युटरबद्दलही असाच अहवाल त्याच वर्षी आला. तपास यंत्रणेनं हे अहवाल मानले नाहीत. फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला बंदी म्हणूनच मुंबईच्या हॉस्पिटलात वारले, वय ८४. विल्सन आणि ढवळे यांना हायकोर्टानं जामीन दिला तो जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं गेली.

आता निनावी कोण होतं ते बघा. कैद्यांची नावं, फोटो, पत्ते पेपरात छापून आले. कम्प्युटरात शिरणाऱ्याचं नाव त्या अहवालातही नाही. जो बघतो तो दिसत नाही, आणि जो दिसतो त्याला बघायची मुभा नाही. कारखान्यात तेच. माझा अंगठा मशीनवर, माझा चेहरा कॅमेऱ्यात. कॅमेऱ्यामागं कोण बसलाय ते मला कधी कळत नाही. आणि 'नाव सांग' हा हुकूम मात्र नेहमी खालच्यालाच होतो.

शतकानुशतकं आपल्या बापजाद्यांनी गावाची वेस राखली. रात्री दरवाजा लावायचा येसकरानं, परक्यावर नजर ठेवायची येसकरानं, सरकारी खजिना तालुक्याला पोचवायचा महारानं. खजिन्याला हात लागला नाही. बदल्यात मिळाली शिळी भाकर, आणि घर वेशीबाहेर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाचं बिल आणलं, कारण ती राखण म्हणजे गुलामी होती. ती येसकरी पुन्हा धरा असं मी म्हणणार नाही. मी एवढंच विचारतो, की ज्या समाजानं परक्याची वेस डोळ्यांत तेल घालून राखली, त्याला स्वतःच्या माणसांची वेस राखता येऊ नये?

ही वेस लहान आहे, मूठभर. फोनाला कुलूप. प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड. खात्याला दोन टप्प्यांची खात्री. कंपनीच्या कम्प्युटरवर आणि वायफायवर फक्त कंपनीचं काम. ओळखीच्यानं अनपेक्षित फाइल पाठवली तर उघडण्याआधी त्याला फोन. ग्रुपमध्ये कोण आहे ते महिन्याला एकदा मोजणं. आणि हे सगळं करूनही मनाशी पक्कं समजणं, की नंबर आधारावर घेतलाय, स्क्रीनशॉट कोणीही काढतो, पुरतं झाकलेलं असं काही नसतं. म्हणून नाव झाकून असंच लिहावं, की उद्या नाव फुटलं तर मार खावा लागेल, पण मान खाली घालावी लागणार नाही.

मीटिंगमध्ये आपण ठराव करतो, वर्गणी काढतो, फोटो काढून लगेच टाकतो. पुढच्या मीटिंगला फोटो टाकण्याआधी फोटोत असलेल्या प्रत्येकाला विचारा, टाकू का म्हणून. एक जरी नको म्हणाला तर टाकू नका. त्याच्या घरावर काय बेतलंय ते त्याला माहीत.

जयभीम.