पोट दुखलं तर त्याच दिवशी लायपेज

पुणे

चि. वैदेहीस,


तुझ्या ओंकारच्या ल्युकेमियाच्या उपचारांचा पहिला टप्पा मुंबईला टाटा रुग्णालयात पार पडला आणि तुम्ही झाशीला सुखरूप पोचलात, हे वाचून जीव भांड्यात पडला. आता मधले दिवस घरीच काढायचे आहेत, म्हणून मुलांच्या वॉर्डात आयुष्यभर नोकरी केलेल्या मावशीचं एवढं ऐक.

त्याच्या औषधांत ॲस्पॅराजिनेज आहे. ते रक्तातलं ॲस्पॅराजिन, म्हणजे प्रथिनं घडवायला लागणारं एक अमिनो आम्ल, मोडतं. कर्करोगाच्या पेशींना ते स्वतः पुरेसं बनवता येत नाही, म्हणून त्या मरतात. स्वादुपिंडाला मात्र पाचकरसांसाठी सतत प्रथिनं लागतात. बहुधा ॲस्पॅराजिनचा तुटवडा त्यालाही भोवतो आणि काही मुलांत सूज येते. वेगवेगळ्या अभ्यासांत हे प्रमाण शंभरात 2 ते 18 आढळलं आहे. तरी घाबरून डोस चुकवू नकोस. औषध मोलाचं आहे.

बेंबीच्या वर कळ येणं, ती पाठीत जाणं, उलट्या थांबेनात, पोर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहतंय, असं दिसलं की सावध हो. इंजेक्शनला आठ-दहा दिवस झाले असले तरीही. सोबतच्या औषधांपैकी व्हिनक्रिस्टीनने बद्धकोष्ठ होतं, स्टेरॉइडने पोटात जळजळतं, त्यामुळे फसगत होते. सासूबाई मायेने ओवा-हिंग पुढे करतील, तरी थांबव. तोंडाने काही न देता त्याच दिवशी महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज गाठ. लखनौला धावू नकोस, ते तीनशे किलोमीटर लांब. पहिली तपासणी झाशीतच होऊ दे.

गेल्या गेल्या सांग, 'ॲस्पॅराजिनेज चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेचा.' लायपेज आणि अमायलेज या स्वादुपिंडाच्या रक्तचाचण्या, साखर आणि सोनोग्राफी यांबद्दल विचार. पोटाची लक्षणं, लायपेज किंवा अमायलेज सामान्य कमाल मर्यादेच्या किमान 3 पट, आणि सोनोग्राफी वा सीटीत सूज, या तीन गोष्टींपैकी दोन जुळल्या की स्वादुपिंडाच्या सुजेचं निदान होतं. मूल हसतंखेळतं असताना नुसता आकडा वाढला, तर ते निदान नव्हे. उलट, पोटातल्या वायूमुळे सोनोग्राफीत स्वादुपिंड कधीकधी नीट दिसत नाही. रिपोर्ट चांगला आला तरी दुखणं राहिलं, तर पुन्हा तपासायला सांग. पुढचा डोस द्यायचा की नाही, हे टाटाचे डॉक्टर ठरवतील. त्यांना लगेच कळव. पुढे तहान-लघवी वाढली तर साखर तपासून घे.

डोसच्या तारखा आणि डॉक्टरांचा नंबर आजच फाइलच्या पहिल्या पानावर लिही. रात्री दोन वाजले तरी सकाळची वाट पाहू नकोस.

तुझी,
मावशी