मनगटावरचा दोरा



दृष्ट लागू नये म्हणून तुम्ही तान्ह्या बाळाच्या मनगटाला काळा दोरा बांधता. जरा आठवा! पेशवाईत अस्पृश्याला मनगटाला किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे. चुकून त्याचा स्पर्श होऊन सवर्णांना विटाळ होऊ नये, म्हणून ती खूण! बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे लिहून ठेवले आहे. तोच दोरा आपण आपल्या हातांनी लेकराला बांधावा काय?

मग परित्राणपाठानंतर भन्ते पांढरा दोरा बांधतात, तो? तो गंडा नव्हे, ताईतही नव्हे. ग्रहण केलेल्या पंचशीलाची ती आठवण आहे. लेकराला ताप आला तर डॉक्टरांकडे न्या. दोरा झिजेल, तुटेल. शील तुटू देऊ नका.

जय भीम!