वाकडेपणा कोणाबरोबर फिरतो?

अमेरिकेत बेंचरेस्ट नावाचा नेमबाजीचा प्रकार आहे. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांच्या आधाराने ठेवायची आणि शंभर किंवा दोनशे यार्डांवरच्या कागदावर सगळ्या गोळ्या शक्य तितक्या एका भोकात पाडायच्या. हे नेमबाज आपली काडतुसे स्वतः बनवतात. एकदा उडवलेली पितळी केस डायमध्ये दाबून मापात आणतात, तिच्यात नवा प्रायमर, दारू आणि गोळी बसवतात. तयार काडतूस दोन आधारांवर ठेवून फिरवले आणि गोळीला डायल गेजचे टोक लावले, की काटा हलतो; त्या हलण्याला रनआउट म्हणतात. काटा एकूण ०.००३ इंच हलला, तर गोळीचा मध्य केसच्या मध्यापासून त्याच्या निम्मा, म्हणजे ०.००१५ इंच सरकलेला असतो. मिलिमीटरचे चार शतांशसुद्धा भरत नाहीत, पण प्रश्न पुरा उभा राहतो: हा वाकडेपणा आला कुठून? कारण म्हणजे काय आणि ते ओळखायचे कसे, यावर न्यायदर्शनाने शतकानुशतके काथ्याकूट केला. त्या चर्चेची खरी कसोटी अशा अगदी बारीक, हातात धरता येणाऱ्या दोषावर लागते असे मला वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे, की कारण नुसते पाहून सापडत नाही. मांडणी बदलावी लागते आणि दोष कोणाबरोबर जातो हे पाहावे लागते.

संशयित बरेच आहेत. केसच्या मानेची भिंत एका बाजूला जाड असेल. डायमधून केस बाहेर ओढताना मानेतून वर सरकणारा एक्सपांडरचा गोळा मान एका अंगाला खेचत असेल. प्रेसवर केस धरणारा होल्डर तिरका असेल, किंवा गोळी बसवणारी डाय गोळीला सरळ धरत नसेल. अन्नंभट्टाच्या सतराव्या शतकातल्या तर्कसंग्रहाची परंपरा सांगते, की कार्याच्या आधी नियमाने असणारे आणि अन्यथासिद्ध नसलेले ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे हजर असूनही घडण्याशी ज्याचा संबंध नाही ते. माती वाहून आणणारे कुंभाराचे गाढव हे त्याचे ठरलेले उदाहरण. इथे अडचण अशी, की वरचे सगळेच संशयित प्रत्येक काडतुसाच्या आधी नियमाने हजर असतात. नुसता अन्वय, म्हणजे कारण असताना कार्य असणे, पाहिला तर सगळेच दोषी ठरतील. म्हणून व्यतिरेक, म्हणजे कारण काढल्यावर कार्यही नसणे, लागतो. उडवलेल्या केसची मान चेंबरमध्ये फुगून नुकतीच चेंबरचा आकार घेऊन आलेली असते, त्यामुळे ती बहुधा सरळ असते. तिथून सुरुवात करून प्रत्येक टप्प्यानंतर मोजत गेले, तर वाकडेपणा कुठल्या टप्प्यावर शिरला हे कळते. एक्सपांडरचा दांडा काढून केस मापात आणली आणि मान सरळ राहिली, तर गोळा सापडला.

पण डाय काढून टाकता येत नाही. डाय नसेल तर काडतूसच होणार नाही. अशा वेळी जाणते कारागीर जे करतात ते मला व्यतिरेकाहूनही खोल वाटते. गेजवर जिथे काटा सर्वांत वर जातो तिथे केसवर खूण करायची. मग पुढच्या केसेस होल्डरमध्ये वेगवेगळ्या बाजूंनी फिरवून घालायच्या आणि प्रेसच्या समोरची बाजू कुठली होती तेही केसवर लिहायचे. वाकडेपणा प्रत्येक वेळी केसच्या जाड भिंतीबरोबर फिरला, तर दोष केसचा. तो प्रेसच्या एकाच बाजूला राहिला, तर डायचा किंवा होल्डरचा. इथे काहीही वजा केलेले नाही; सगळी कारणे जागच्या जागी आहेत, बदलला आहे तो फक्त त्यांचा परस्परसंबंध. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी १९०९ साली गोळीच्या उड्डाणावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी गोळ्यांचे बूड मुद्दाम बिघडवून त्या कुठे जातात हे तपासले होते. दोष आपण होऊन घालणे हाही मांडणी बदलण्याचाच प्रकार.

तत्त्वज्ञ ह्यूम म्हणेल, तुम्हाला तरीही फक्त एकामागून एक घडणाऱ्या गोष्टीच दिसल्या. कारण दिसले नाही. हे खरे आहे. पण केस किती फिरवायची हे आपण ठरवले, केसने नव्हे, डायनेही नव्हे. म्हणून वाकडेपणा आपल्या फिरवण्यामागे गेला, तर त्याचे श्रेय लपलेल्या तिसऱ्या गोष्टीला देण्याची वाट बरीचशी बंद होते. दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. केसची जाड बाजू आणि डायचा तिरकेपणा एकमेकांना खोडून काढतील आणि काटा स्थिर राहील. मग दोन दोष असून निर्दोष दिसेल. होय, नुसते पाहणाऱ्याला तसेच दिसेल. केस अर्धी फिरवताच मात्र तेच दोन दोष एकमेकांत भर घालतात आणि उघडे पडतात.

आणि गेजच चुकीचे असेल तर? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. एका प्रमाणाला दुसरे लागले, तर दुसऱ्याला तिसरे लागेल आणि अंत राहणार नाही. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून, सफल प्रवृत्तीवरून कळते. इथे मी नैयायिकांच्या बाजूने आहे. घासून अचूक केलेली पोलादी पिन गेजवर फिरवायची. काटा हलला नाही तर त्या गेजबद्दलची शंका तिथे मिटते, आणि शंका मिटली की पुढचे प्रमाण मागायचे कारण उरत नाही. अंतिम साक्ष मात्र कागदाची. ती नेहमी सोयीची नसते: गोळी बॅरलच्या आट्यांना टेकेल इतकी पुढे बसवली, तर थोडा वाकडेपणा बॅरलच सावरून घेऊ शकते, आणि पाच गोळ्यांचा विखुरलेपणा योगायोगानेही कमीजास्त होतो. म्हणजे रनआउट हेच कधी अन्यथासिद्ध ठरू शकते. ते ठरवायचे तर सरळ आणि वाकडी काडतुसे न ओळखता, मिसळून, बऱ्याच संख्येने झाडावी लागतील.

श्रद्धावानाचा आक्षेप उरतो: जे व्हायचे ते अदृष्टाने होते. न्यायदर्शन अदृष्ट नाकारत नाही. ईश्वर, काल, दिशा यांच्याबरोबर ते अदृष्टालाही साधारण कारणांत मोजते. साधारण, म्हणजे प्रत्येक कार्याला सारखेच लागू. म्हणूनच हे काडतूस वाकडे आणि शेजारचे सरळ का, याचे उत्तर अदृष्टातून मिळत नाही. त्यासाठी असाधारण कारण शोधावे लागते. देवावरची श्रद्धा त्या शोधाला कुठेच आडवी येत नाही. नशिबाला किंवा स्वतःच्या हाताला बोल लावण्याआधी, आणि महागडी नवी डाय मागवण्याआधी, दहा केसेसवर खूण करा, प्रत्येक केस होल्डरमध्ये वेगळ्या बाजूने घाला आणि वाकडेपणा कोणाबरोबर फिरतो ते पाहा.