अडतंय कुठे?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता आमच्या शहरात कुणी कुणाला फोन करत नाही. पंखा पाचवर, खिडकीला ओला टॉवेल, आणि माणूस फरशीवर आडवा. अशा वेळी भाच्याचा फोन आला.

"मामा, पप्पांना तुम्ही समजावून सांगा ना. माझं ऐकेनातच. प्रोसेसर दोन पिढ्या मागं पडलाय माझा."

दोन पिढ्या! आमच्या घराण्यात दोन पिढ्या मागं गेलं की आजोबा लागतात, धोतर-बैलगाडीसकट. भाच्याच्या दोन पिढ्या सव्वादोन-अडीच वर्षांत उरकल्या होत्या. त्याचा रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर एप्रिल २०२२ मध्ये बाजारात आला. त्याच सप्टेंबरात ७००० ची मालिका आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ९००० ची. पोराने दिवाळीत हौसेने खोका फोडला, तेव्हाच आतली चिप एका पिढीने म्हातारी झालेली होती.

नीतीवर सदर लिहितो म्हणून नात्यातले लोक मला घरगुती तंट्यांचा सरपंच समजतात. गेलो रविवारी संध्याकाळी ताईकडे, सिडकोत. फ्रिजवर चुंबकाखाली दुकानदाराचं कोटेशन लटकत होतं. वर ठळक अक्षरात रायझन ७ ९८००एक्स३डी. त्याखाली मदरबोर्ड, कारण जुन्या बोर्डाचं सॉकेट एएम४ आणि नव्या चिपला लागतं एएम५. त्याखाली रॅम, कारण एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, जुनी डीडीआर४ बसत नाही. आणि २०२५ संपता संपता एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी अशी काही उचलायला सुरुवात केली की रॅमचे भाव सोन्याशी स्पर्धा करू लागले. शेवटी कूलर, कारण जुन्या प्रोसेसरसोबत आलेला नव्याला पुरणार नाही. बेरीज पाऊण लाखाच्या पुढे. लंगोटी उंदरांनी कुरतडू नये म्हणून बुवांनी मांजर पाळलं, मांजराच्या दुधासाठी गाय घेतली, गाईच्या चाऱ्यासाठी शेत केलं, ती गोष्ट आपण लहानपणी हसत ऐकलेली असते. मोठेपणी ती कोटेशनच्या रूपात हातात येते, अठरा टक्के जीएसटीसकट.

दाजी वाळूजला कामाला आहेत. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना तिथे आला आणि त्याच्या आजूबाजूला गाड्यांचे सुटे भाग करणारी जी कारखान्यांची वस्ती वाढली, तिच्यातल्याच एका शेडमध्ये सीएनसी मशीनवर त्यांची पंचवीस वर्षं गेली. कोटेशनचा आकडा त्यांनी मनातल्या मनात ओव्हरटाइमच्या तासांनी भागला असणार, पण बोलले काही नाहीत. भाचाच बोलत होता. त्याने मोबाइलवर आलेख दाखवले. लाल पट्टी नव्या चिपची, लांबलचक. त्याची करडी पट्टी खाली, बिचारी आखूड.

आता हे आलेख खोटे नसतात, हे मला आधी कबूल केलं पाहिजे. प्रोसेसरची परीक्षा घेणारे लोक बाजारातलं सगळ्यात महागडं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि चित्र मुद्दाम कमी रिझोल्यूशनचं ठेवतात. कार्डावर ताण राहू नये आणि प्रोसेसरमधला फरक उघडा पडावा, एवढाच त्यामागचा हेतू. परीक्षा म्हणून हे अगदी रास्त आहे. फक्त प्रश्नपत्रिका आपल्या घरची नसते. भाच्याकडे कार्ड आहे जीटीएक्स १६५०, म्हणजे २०१९ चं, चार जीबी मेमरीचं. त्या आलेखातलं कार्ड विकायला काढलं तर दाजींची मोटारसायकल दोनदा येईल.

"चालू कर बरं ते," दाजी म्हणाले. "कुठं अडकायलंय ते मला दाखव."

भाच्याने सायबरपंक हा गेम लावला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे आकडे नाचू लागले. दाजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हे नव्व्याण्णव कशाचं?"

"ग्राफिक्स कार्डचं. वापर चाललाय तो."

"आणि हे सदतीस?"

"प्रोसेसरचं."

"म्हणजे एक गडी घामाघूम आणि दुसरा तंबाखू मळत बसलाय. अन् तू बदली मागायलास तंबाखूवाल्याची?"

ताई स्वयंपाकघरातून हसली. भाचा चिडला, पण त्याचं चिडणं अज्ञानाचं नव्हतं. "पप्पा, तसं नसतंय. ती सगळ्या कोअरची सरासरी आहे. सहातला एखादा कोअर फुल्ल असला तरी सरासरी कमीच दिसती."

हे त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि दाजींनी ते तत्क्षणी मान्य केलं. मला ती गोष्ट फार आवडली. बाप लोकांना सहसा असं जमत नाही. ते म्हणाले, "बरं. मग एक स्टेशन हलकं करून बघ. कार्डाचं काम कमी कर. लाइन पळाली तर अडथळा तिथंच होता. नाही पळाली तर तुझं खरं."

भाच्याने रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. सेकंदाला अडतीस फ्रेम (पोरांच्या भाषेत एफपीएस) पडत होत्या, त्या एकसष्ट झाल्या. चित्र धुरकट झालं, पण पळायला लागलं. प्रोसेसर तोच, खोली तीच, उकाडा तोच.

ज्या माणसाला 'फ्रेम' म्हणजे फोटोची चौकट एवढंच ठाऊक, त्याने पाच मिनिटांत जे केलं ते करायला नेटवर तासतासाचे व्हिडिओ आहेत. दाजींना ते कुणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या शेडमध्ये रोज हेच चालतं. स्पिंडल वेगवान घेतला म्हणून जॉब लवकर निघत नाही. जॉब फिक्स्चरमध्ये चढवायला-उतरवायला चाळीस सेकंद जात असतील, तर कापणीतले दोन सेकंद वाचवून मालकाचं फक्त वीजबिल वाढतं. म्हणून तिथे मशीन बदलण्याआधी कुणीतरी स्टॉपवॉच घेऊन उभं राहतं आणि सायकल टाइम कुठे मुरतोय ते बघतं. आपण घरी येताना ते स्टॉपवॉच गेटवर जमा करून येतो.

रिझोल्यूशन बदलायला म्हणून भाचा सेटिंगमध्ये गेला होता. तिथेच तो एकदम गप्प झाला. गेल्या वर्षी त्याने वाढदिवसाला १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर घेतला होता, स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून. सेटिंगमध्ये तो ६० वर होता. वर्षभर. सेकंदाला १४४ चित्रं दाखवू शकणारा पडदा इमानेइतबारे साठच दाखवत बसला होता. दोन चित्रांमधलं अंतर जवळपास १७ मिलिसेकंद, जे सातवर यायला हवं होतं. एक क्लिक, आणि व्हॅलोरंटमध्ये माउस लोण्यावरून फिरावा तसा फिरायला लागला. पोराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. कुणी काही बोललं नाही. बोलायचं नसतं.

मग कॅबिनेटचं झाकण उघडलं. आत आपल्या शहराची धूळ नमद्यासारखी जमलेली. कूलरच्या पात्यांमध्ये तिचा असा थर की हवेने जायचं कुठून? दाजींनी रंगाचा जुना ब्रश आणला. अर्ध्या तासाने प्रोसेसरचं तापमान नव्वदवरून अठ्ठ्याहत्तरवर आलं. बेचाळीस अंशांच्या गावात, एसी नसलेल्या खोलीत, हा अपग्रेड मला कोटेशनमधल्या कुठल्याही ओळीपेक्षा सरस वाटतो.

आमच्या गावापासून देवगिरीचा किल्ला काही फार लांब नाही. तिथे जनार्दनस्वामींच्या घरी पैठणचे नाथ हिशेब लिहायला होते, तेव्हाची गोष्ट सांगतात. हिशेबात एक पै चुकत होती. एकनाथ रात्रभर वह्या उपसत बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. गोष्ट सांगणारे पुढे लगेच एकाग्रतेवर, अध्यात्मावर जातात. मी मात्र त्या पैपाशीच रेंगाळतो. एक पै खिशातून काढून टाकली असती तर हिशेब त्याच संध्याकाळी जुळला असता आणि झोपही मिळाली असती. चूक मात्र तिथेच राहिली असती. आपले बरेचसे अपग्रेड हे खिशातून टाकलेली पै असतात. फक्त आता ती पाऊण लाखाची झाली आहे.

आणि नवं म्हणजे पुढचंच असतं, हाही भ्रमच. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंटेलची चौदावी पिढी आली. तेराव्याच पिढीला नवं बारसं केल्यासारखी. वरच्या चिपचा वेग ५.८ वरून ६ गिगाहर्ट्‌झ, आणि गेममधला फरक शोधायला भिंग लागावं. पुढच्या वर्षी त्या दोन्ही पिढ्यांच्या वरच्या चिपा अस्थिर होतात, गेम मध्येच कोसळतात असं निघालं, आणि कंपनीला हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. त्यानंतर ऑक्टोबर २०२४ मध्ये नवं सॉकेट मागणारी कोअर अल्ट्रा २०० ची मालिका आली. ती वीज कमी खाते हे खरं, पण बहुतेक परीक्षणांत गेमिंगमध्ये ती आधीच्या पिढीच्या मागे पडली. एएमडीची रायझन ९००० मालिका आली तेव्हाही साध्या चिपांची गेममधली वाढ इतकी किरकोळ निघाली की परीक्षकांनीच थट्टा केली.

तुम्हाला नव्याची गरज नाही, असं एखादी चिप कंपनी ग्राहकाला स्वतः होऊन सांगते, असा प्रसंग मला एकच आठवतो. १९९४ चा. पेन्टियम, ज्याचं श्रेय आपल्या पुण्यात जन्मलेल्या विनोद धाम यांना दिलं जातं, त्या चिपमध्ये भागाकाराची चूक सापडली होती. इंटेलचं म्हणणं असं की साध्या ग्राहकाला ही चूक २७,००० वर्षांत एकदा भेटेल, तेव्हा बदलून देण्याची गरज सरसकट नाही. लोक खवळले. डिसेंबरमध्ये कंपनीने मागेल त्याला चिप बदलून देण्याचं कबूल केलं आणि ४७५ दशलक्ष डॉलर त्या खात्यावर टाकले. खर्च कंपनीच्या खिशातून जाणार होता तेव्हा गरजेचा इतका बारीक हिशेब झाला. आपल्या खिशातून जाणार असतो तेव्हा लाल पट्टी पुरते.

तरी नव्या चिपला नावं ठेवणं हा माझा हेतू नाही. ९८००एक्स३डी ही फार हुशारीची वस्तू आहे. तिच्यात कोअरच्या खाली मेमरीचा आणखी एक थर चिकटवून एल३ कॅश ९६ एमबी केली आहे. भाच्याच्या चिपमध्ये ती ३२ आहे. मिसळणाचा डबा ओट्यावर असणं आणि दर चिमटीला माळ्यावर चढणं यात जो फरक, तो इथे आहे. ज्याच्याकडे तगडं कार्ड आहे, २४० हर्ट्‌झचा पडदा आहे, जो स्पर्धेत उतरतो किंवा शेकडो शहरं वसवणारे सिम्युलेशनचे गेम खेळतो, त्याने ती खुशाल घ्यावी. ज्याच्याकडे २०१७ चा चार कोअरचा आय५ आहे, त्याने तर काहीतरी करावंच. नव्या गेममध्ये तो धापा टाकतो, विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि ज्याच्याकडे एएम४ चा जुना बोर्ड आहे त्याने आधी बायोस अपडेट करून त्याच बोर्डावर वरची चिप बसते का ते पाहावं. २०१७ च्या बोर्डावर २०२२ ची चिप बसू शकते, हे या धंद्यातलं दुर्मीळ सौजन्य आहे. सिडकोतल्या या घरात मात्र प्रश्न यातला एकही नव्हता.

तो कुठला होता ते नंतर कळलं. दाजी हात धुवायला गेले तेव्हा भाचा माझ्याकडे न बघता म्हणाला, "पण मामा, ग्रुपमधल्या तिघांनी घेतला ना. रात्री खेळायला बसलो की आधी एफपीएस टाकायलेत सगळे. माझा नंबर आला की मी माइक बंद करतो."

यावर माझ्याकडे सदराच्या पोतडीतलं बरंच काही होतं. मी ते काढलं नाही. गेल्या पाच वर्षांत मी तीन फोन बदलले, प्रत्येक वेळी कॅमेऱ्यासाठी, आणि त्यात फोटो आहेत लग्नाच्या पंगतींचे आणि गॅस सिलिंडरच्या पावत्यांचे. चौघांत बसल्यावर फोन टेबलावर उलटा ठेवायचा की सुलटा, हे मीसुद्धा मॉडेल बघून ठरवत आलोय. कोपऱ्यातले हिरवे आकडे मिलिसेकंद मोजतात. माइक बंद करणाऱ्या बोटाचं मोजमाप त्यांच्यात नसतं. आणि तिथे काय अडलंय ते शोधायला मी लागलो असतो तर माझीही बरीच धूळ निघाली असती.

ताईने कैरीचं पन्हं आणलं. दाजी टॉवेलला हात पुसत बाहेर आले, फ्रिजवरचं कोटेशन काढून पाठकोरं म्हणून फोनच्या वहीत ठेवलं. भाचा आता बराच निवळला होता. १४४ चा आनंद चेहऱ्यावर होता आणि डोक्यात नवं चक्र फिरत होतं.

"म्हणजे पप्पा," तो म्हणाला, "घ्यायचंच तर ग्राफिक्स कार्ड घेतलं पाहिजे. तुम्हीच सिद्ध केलंय."

दाजींनी पन्ह्याचा घोट घेतला. "असं कर, मोठं कार्ड आणलं असं धर. मग पुढं कुठं अडेल?"

भाच्याने खरंच विचार केला. पडद्याकडे बघितलं, कोपऱ्यातल्या आकड्यांकडे बघितलं, आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "प्रोसेसरवर."

दाजी इतके हसले की पन्हं सदऱ्यावर सांडलं. "आमच्या लाइनवर पंचवीस वर्षं झाली, हेच चालू आहे," ते म्हणाले, आणि सदरा बदलायला आत गेले.