सब्र आणि विलाप

मृत्यूच्या घरी मोठ्याने रडावे की नाही, हा प्रश्न आमच्या आजी-नानींना फारसा पडला नाही. मराठवाड्यातल्या खेड्यांत मुस्लिम बायका मय्यतीपाशी बसून शेजारच्या मराठा, बंजारा, मातंग बायकांसारख्याच हेल काढून रडत. गेलेल्या माणसाने कुणाला काय दिले, कुणाचे लग्न लावले, कोणत्या दुष्काळात घर कसे तगवले, हे सारे त्या रडण्यात येई. आता चित्र बदलले आहे. बाईचा आवाज जरा चढला की कोणीतरी जाणते पुढे होऊन सांगते, 'रोओ मत, सब्र करो. मय्यत को तकलीफ होती.' बाई तोंडात पदर कोंबते. जनाजा उठतो. पुरुष खांदा देतात, मूठमूठ माती देतात, दुवा मागून परततात. त्यांच्या दुःखाला निदान हातांचे काम मिळते. बाईच्या वाट्याला बहुधा कब्रस्तान नसते आणि आता आवाजही नाही.

याकडे केवळ एक बदललेली रूढी म्हणून पाहून भागणार नाही. विलाप म्हणजे अल्लाहच्या मर्जीविरुद्ध तक्रार आहे काय? श्रद्धावंताने दुःख गिळलेच पाहिजे काय? आणि ज्यांच्यासाठी कोणी रडलेच नाही, त्या मृतांचे आपण काही देणे लागतो काय?

आधी मनाईचा आधार पाहू. घरच्यांच्या रडण्याने मृताला यातना होतात, अशी रिवायत हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांच्याकडून आली आहे आणि ती हदीसच्या प्रमाण संग्रहांत आहे. पण त्याच संग्रहांत हेही नोंदलेले आहे की, ही रिवायत कानी आली तेव्हा हजरत आयेशा (रजि.) यांनी ती तशी मान्य केली नाही. सांगणारा खोटे बोलत नाही, पण त्याच्या ऐकण्यात किंवा आठवणीत चूक झाली असावी, असे त्या म्हणाल्या. पुरावा म्हणून त्यांनी कुरआनचा सिद्धांत पुढे ठेवला, की कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहत नाही. मग जिवंतांच्या आसवांची शिक्षा मृताला कशी मिळेल? पुढे आलिमांनी दोन्हींचा मेळ घातला. मृताने स्वतःच आपल्यामागे आक्रोश करण्याची वसीयत केली असेल तर ही ताकीद त्याला लागू होते, असे अनेकांनी म्हटले. आपल्याकडे मात्र पहिली रिवायत घराघरांत पोचली आणि आयेशांचा आक्षेप किताबातच राहिला. न्यायाच्या आधारावर एका स्त्रीने घेतलेला हा आक्षेप रडणाऱ्या स्त्रियांना कोणी सांगत नाही.

पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्वतः आसवे गाळली आहेत. हिजरी सनाच्या दहाव्या वर्षी त्यांचा तान्हा मुलगा इब्राहिम वारला. त्याला छातीशी धरून ते रडले. एका सहाबींनी आश्चर्याने विचारले, तेव्हा ही तर दया आहे, असे उत्तर मिळाले. डोळे वाहतात, मन दुखते, पण जिभेवर अल्लाहला नापसंत असे काही येऊ द्यायचे नाही, अशी मर्यादा त्यांनी घातली. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की, पैगंबरांच्या मुलासाठी सूर्य काळवंडला. त्यांनी ही समजूत तिथल्या तिथे खोडून काढली. कोणाच्या मरणाने वा जगण्याने सूर्यचंद्राला ग्रहण लागत नाही. बापाला रडण्याची मुभा आहे, पण आकाशाला त्यात ओढायचे नाही. शोक हा माणसाचा आहे आणि तो माणसाच्या मापाचाच असावा, हे यातून आम्हाला दिसते.

दुसरा प्रसंग उहुदच्या लढाईनंतरचा, इ.स. ६२५ मधला. मदिनेत अन्सारांच्या घरांतून स्त्रियांच्या रडण्याचे आवाज येत होते. पैगंबरांचे काका हजरत हमजा (रजि.) याच लढाईत शहीद झाले होते. ते मक्केहून आलेले. मदिनेत त्यांच्यासाठी रडणाऱ्या बायका नव्हत्या. ही खंत पैगंबरांच्या तोंडून निघाली. ती ऐकून अन्सारी स्त्रिया आल्या आणि हमजांसाठी रडल्या. पैगंबरांनी त्यांना दुवा दिली, घरी परत पाठवले आणि मृतांसाठी आक्रोश करण्यास मनाई केली. प्रसंगाचा शेवटचा भाग सर्वांना ठाऊक आहे. पहिला भाग कमी सांगितला जातो. 'मागे रडायला कोणी नाही' हे आपल्या मराठीत माणसाच्या एकाकीपणाचे शेवटचे वर्णन मानतात. अल्लाहच्या रसूलांनाही ते एकाकीपण सलले होते.

मग मनाई कशाची? गाल बडवणे, कपडे फाडणे, जाहिलियतच्या काळासारखी हाकाटी करणे, या गोष्टींची. त्या काळच्या अरबस्तानात मोबदला घेऊन रडणाऱ्या बायका असत, आणि मर्सिया हे सूडाचे आवाहनही असे. मृताचे गुण गायचे, टोळीतल्या तरुणांचे रक्त तापवायचे, की पुढची कत्तल ठरलेली. इस्लामने या साखळीवर घाव घातला. पण दुःखाला वेळ दिला. विधवेला चार महिने दहा दिवस, इतरांना तीन दिवस. शोकाची मुदत ठरवणारा धर्म शोक नाकारत नाही.

विलापाला आवर घालणारे मुसलमानच पहिले नव्हते. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अथेन्सच्या सोलोनने अंत्यविधीतील स्त्रियांच्या आक्रोशावर कायद्याने बंधने घातली. श्रीमंत घराण्यांचा डामडौल आणि त्यांच्यातली वैरे यांमागे हा आक्रोश असे, असे त्याचे कारण अभ्यासक सांगतात. राज्यकर्त्यांना रडण्याचे भय वाटत आले आहे, कारण रडताना माणसे नावे घेतात.

विलापाची परंपरा मात्र याहून कितीतरी जुनी आहे. आजच्या इराकमध्ये उर नावाचे सुमेरियन शहर होते. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी ते शत्रूंनी उद्ध्वस्त केले. त्या विनाशावर रचलेले विलापगीत मातीच्या विटांवर कोरलेले सापडले आहे. त्यात शहराची देवता निंगल थोरल्या देवांपुढे पदर पसरते, पण तिचे कोणी ऐकत नाही. विनाशाचा निर्णय देवांचाच आणि रडणारी देवताही त्यांच्याच घरातली. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बॅबिलोनच्या फौजांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले. त्याच्या शोकाचा ग्रंथ यहुदी लोक आजही आव महिन्याच्या नवमीला, उपास धरून, जमिनीवर बसून वाचतात. आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात या दिवसाला 'बिरड्याचा सण' म्हणत. मोड आलेल्या वालाचे बिरडे त्या दिवशी खात. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या दूरच्या शहराचे दुःख कोकणच्या वालाच्या नावाने जपले गेले, हे आम्हाला फार बोलके वाटते.

महाभारतात तर एका पर्वाचे नावच स्त्रीपर्व आहे. युद्ध संपल्यावर गांधारी रणभूमी पाहते. ती आपल्या मुलांसाठी रडते, तशीच शत्रुपक्षाच्या अभिमन्यूसाठीही रडते. तिथे विलाप आपल्या सर्वोच्च जागी पोचतो. पण तीच गांधारी पुढे कृष्णाला कुलनाशाचा शाप देते. विलाप कुठे माणसाला मोठे करतो आणि कुठे सूडाकडे वळतो, याची सीमारेषा त्या एकाच पर्वात दिसते.

आपल्या मराठी भक्तिपरंपरेनेही दुःखाला तोंड बांधले नाही. १२९६ मध्ये ज्ञानदेवांनी समाधी घेतली, तेव्हाच्या शोकाचे अभंग नामदेवांच्या नावे आहेत. मराठवाड्यातील नरसीशी ज्यांचे नाव जोडले गेले, ते हे नामदेव. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. ते विठ्ठलाशी भांडले आणि भांडूनही त्याचेच राहिले. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही.

आणि आमच्या घरचा वारसा? दहा मोहरम हिजरी ६१, म्हणजे इ.स. ६८०. करबलात इमाम हुसैन (रजि.) आणि त्यांचे साथी मारले गेले. उरलेल्या स्त्रिया-मुलांना कैद करून कुफ्यात, पुढे दमास्कसला नेले. यजीदच्या दरबारात बीबी जैनब बोलल्या. त्यांचे बोलणे शोकही होते आणि साक्षही. त्या गप्प बसल्या असत्या तर विजेत्यांनी सांगितले तेच खरे ठरले असते. ही कथा दखनी भाषेत विस्ताराने सांगणारे सुरुवातीचे काव्य 'नौसरहार' १५०३ चे. ते रचणारे शेख अश्रफ बियाबानी हे जालना जिल्ह्यातील अंबडच्या सूफी घराण्यातले. शोकाची भाषा आम्ही दिल्ली-लखनऊहून उसनी आणलेली नाही. ती याच मातीत घडली. म्हणून मुसलमानाचे एकही घर नसलेल्या मराठवाड्यातल्या काही गावांतही मोहरमच्या सवाऱ्या बसतात आणि हिंदू माणसे त्या खांद्यावर घेतात.

किनवट तालुक्यातले इस्लापूर हे आमच्या या भागातले गाव. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचे. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. जंगलाचा हा मुलूख गोंड, कोलाम, आंध, बंजारा यांचा. बंजारा तांड्यांत लग्नाच्या वेळी मुलगी 'ढावलो' गाते. ते रडणेच असते, पण चालीत आणि शब्दांत बांधलेले. थोरल्या बायका मुलींना ते शिकवतात. म्हणजे रडणेही शिकावे लागते. चाल असली की दुःख माणसाला वाहून नेत नाही. माणूस दुःखाला वाट करून देतो. आमच्या आजींचे हेल हेच करत होते. ती चाल आपण पुसली, तिच्या जागी काय दिले?

हा प्रश्न मराठवाड्यातल्या मुसलमानांसाठी केवळ घरगुती नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने हैदराबाद संस्थानात कारवाई केली आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून आपण साजरा करतो. तो आमचाही आहे. निजामाच्या राजवटीत गरीब मुसलमान काही राजा नव्हता. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांनीच मारले. पण कारवाईच्या काळात आणि तिच्यानंतर सामान्य मुसलमानांवर जे ओढवले, त्याची चौकशी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आदींना पाठवले. त्यांनी मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्यासोबत आमचे नांदेडही होते. आजच्या लातूर जिल्ह्याचा काही भाग तेव्हा उस्मानाबादेत होता. तो अहवाल दशकानुदशके दडून राहिला. २०१३ च्या सुमारास तो सर्वांना पाहायला मिळाला.

या मृतांसाठी विलाप झाला नाही. बायका 'पोलीस ॲक्शन के साल' एवढेच म्हणत आणि विषय तिथेच थांबे. रडले तर रझाकारांचे पाठीराखे ठरू, हे भय होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, तेव्हा सारा देश त्यांच्यासाठी हळहळला, आणि ते योग्यच झाले. १९४८ च्या मृतांना तो वाटा मिळाला नाही. न रडलेले दुःख संपत नाही. ते पुढच्या पिढीला वारशात मिळते, फक्त कारण न सांगता. मग ते कधी न्यूनगंड होते, कधी निष्कारण संताप.

याला कोणी सब्र म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. हजरत याकूब (अ.) यांच्यासाठी कुरआनने 'सब्र' हाच शब्द वापरला आहे, आणि यूसुफसाठी रडून रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, हेही कुरआननेच सांगितले आहे. मुलांनी टोकले तेव्हा आपण आपले दुःख अल्लाहपुढेच मांडतो आहोत, असे ते म्हणाले. सब्र आणि आसवे एकाच माणसात, एकाच वेळी होती. अल्लाहबद्दल तक्रार करणे वेगळे आणि अल्लाहकडे तक्रार करणे वेगळे. सब्र माणूस स्वतः करतो. दुसऱ्याने लादला की तो सब्र राहत नाही, जब्र होतो.

विलापाची कसोटी आम्हाला तीन गोष्टींत दिसते. तो खरा असावा. संख्या फुगवणारा, आपल्या माणसांचे गुन्हे झाकणारा नसावा. तो कोणाचे रक्त मागणारा नसावा. आणि त्यात दुसऱ्यांच्या मृतांना जागा असावी. रझाकारांनी मारलेल्या शेतकऱ्याच्या घरचे रडणे आणि नंतर मारल्या गेलेल्या विणकराच्या घरचे रडणे ही एकमेकांची उत्तरे नव्हेत. दोन्ही ऐकायची असतात. या कसोटीवर उतरणारा विलाप ईमानाला बाधक नाही. तो न्यायाच्या मागणीचा पहिला उच्चार आहे.

म्हणून मय्यतीच्या घरी रडणाऱ्या बाईला गप्प करण्याआधी तिच्याजवळ बसावे. ज्या वृद्धांना १९४८ ची हकीकत ऐकून ठाऊक आहे, त्यांच्याकडून नावे लिहून घ्यावीत. ते काम आपल्या लेखकांचे आहे. आणि मदिनेच्या त्या अन्सारी स्त्रियांची आठवण ठेवावी. हमजा त्यांचे कोणी नव्हते. आपापल्या घरचे मृत ठेवून त्या परक्या माणसासाठी रडायला आल्या होत्या.