शत्रूचे शस्त्र आणि शत्रूची खूण

रणांगणात शत्रूकडून हस्तगत केलेले शस्त्र त्याच्यावरच चालवावे की नाही, हा प्रश्न सैनिकाला बहुधा पडत नाही. मृत्यू समोर उभा असता हाती लागेल ते शस्त्र त्याला आपलेच वाटते. घरी बसून युद्धाच्या वार्ता वाचणाऱ्या आम्हांतुम्हांला मात्र तो पडावयास हवा. कारण युद्धातील न्यायान्यायाविषयीचे लोकमत अशा घरांतूनच बनत असते.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. रथ, घोडे, हत्ती, धान्य, पशू हे ज्याने जिंकले त्याचे होत, असा निर्णय मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात आहे. त्याच यादीत स्त्रियांचीही गणना केलेली पाहून आजचा वाचक थबकेल, आणि त्याने थबकावेच. 'जिंकले ते आपले' हे सूत्र मर्यादेवाचून कोठवर जाते, हे त्यावरून दिसते. परंतु त्याच अध्यायात किंचित आधी, कूट आयुधांनी, म्हणजे ज्यांत कपट दडलेले आहे अशा शस्त्रांनी, शत्रूस मारू नये असा निषेधही आहे. घेण्याची मुभा आणि कपटाचा निषेध यांची सांगड कशी घालावयाची, हाच आमच्या मते खरा प्रश्न होय.

दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ही मुभा दोन्ही पक्षांनी मनमुराद घेतली. जानेवारी १९४१ मध्ये तोब्रुकवर चालून जाताना ऑस्ट्रेलियन सैनिकांनी इटालियनांचेच रणगाडे वापरले. पुढे त्याच शहराला वेढा पडला, तेव्हा इटालियनांनी टाकून दिलेल्या तोफा पायदळातील शिपाई, आचारी आणि कारकून चालवू लागले. नेम धरण्याची साधने नसल्यामुळे कित्येकदा तोफेच्या नळीतून पाहून नेम धरावा लागे. उलटपक्षी, एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सेनापती रोमेल याने इंग्रजांच्या प्रशस्त चिलखती मोटारी मेचिली येथे पकडल्या व त्यांतील एक स्वतःच्या फिरत्या कचेरीसाठी ठेवून घेतली. जर्मनांचे वीस लिटरचे पेट्रोलचे डबे इंग्रजांना आपल्या गळक्या डब्यांपेक्षा इतके सरस वाटले, की त्यांनी ते वापरले आणि पुढे हुबेहूब तसेच बनवले.

यात अधर्म घडला असे आम्हांस वाटत नाही. हेग येथील १९०७ च्या नियमांनीही हा विवेक केलेला आहे. युद्धकैद्याची शस्त्रे, घोडे आणि लष्करी कागदपत्रे काढून घेता येतात. त्याच्या बाकीच्या खाजगी वस्तू त्याच्याच राहतात. म्हणजे रणगाडा घेणे ही लूट नव्हे. पण त्याच रणगाड्यातून हात वर करून उतरलेल्या शिपायाच्या मनगटावरचे घड्याळ घेणे ही चोरी होय.

आता तोब्रुकच्या त्या रणगाड्यांकडे पुन्हा पाहू. त्यांवर ऑस्ट्रेलियनांनी पांढऱ्या रंगात मोठाले कांगारू रंगवले होते. आपल्याच तोफांनी आपल्याला उडवू नये, हा त्यातील पहिला हेतू. सत्यनिष्ठेचे श्रेय त्यांना उगाच देण्याचे कारण नाही. तथापि परिणाम असा झाला, की समोरून येणारा कोण आहे हे शत्रूलाही कळत होते. शस्त्र परके, पण खूण खरी.

याच्या उलट प्रकार डिसेंबर १९४४ मध्ये आर्देनच्या अरण्यात घडला. स्कोर्झेनी या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखालील माणसे अमेरिकन गणवेश घालून, अमेरिकन जीपगाड्यांतून शत्रूच्या पिछाडीस शिरली. पकडलेले अमेरिकन रणगाडे पुरेसे नव्हते, म्हणून काही जर्मन रणगाड्यांवरच पत्रे ठोकून त्यांना अमेरिकन रूप देण्यात आले. फळ असे निघाले, की अमेरिकन सैनिक परस्परांकडे संशयाने पाहू लागले. जनरल ब्रॅडली यांनासुद्धा पहारेकऱ्याने अडवून इलिनॉय राज्याची राजधानी विचारली. त्यांनी बरोबर उत्तर दिले, पण पहारेकऱ्याचीच समजूत चुकीची होती! हसू येण्याजोगी ही गोष्ट; परंतु वेषांतर केलेले जे जर्मन पकडले गेले, त्यांपैकी कित्येकांना गोळ्या घालण्यात आल्या.

कोणी म्हणेल, गोळी लागून मेलेल्याला मारणाऱ्याच्या अंगावर कोणता गणवेश होता याचे काय? शिवाय १९४७ साली अमेरिकन लष्करी न्यायालयाने स्कोर्झेनीला निर्दोष सोडले. आमच्या बाजूनेही शत्रूचे गणवेश वापरले गेले होते, अशी साक्ष यो-थॉमस या ब्रिटिश अधिकाऱ्यानेच दिली. आक्षेप वजनदार आहे. हेगच्या नियमात शत्रूच्या गणवेशाचा 'अनुचित' उपयोग निषिद्ध होता, आणि अनुचित म्हणजे काय याविषयी वाद करण्यास जागा होती. १९७७ च्या जिनिव्हा पुरवणी-कराराने हल्ला करताना शत्रूची खूण वापरण्यास स्पष्ट मनाई केली आणि ही फट बरीचशी बुजवली.

पण मूळ उत्तर हेगच्या त्या कलमातच आहे. शत्रूचा गणवेश, तहाचे पांढरे निशाण आणि रुग्णसेवेचे चिन्ह या तिहींचा दुरुपयोग तेथे एकाच वाक्यात निषिद्ध केलेला आहे. ही जोडणी आम्हांस अर्थपूर्ण वाटते. परस्परांना मारावयास निघालेल्या माणसांमध्ये खुणांखेरीज दुसरी भाषा उरलेली नसते. त्या भाषेत एकाने खोटे बोलण्यास आरंभ केला, की दुसरा पांढऱ्या निशाणावरही गोळी झाडू लागतो, आणि मग शरण येणाऱ्याचा व जखमींना उचलणाऱ्याचा जीव जातो. कपटाची किंमत कपट करणाराच देतो असे नाही; ती बहुधा दुसऱ्याच कोणाला द्यावी लागते.

तोफेला निष्ठा नसते. ती ज्याच्या हाती असेल त्याची. म्हणून ती कोणाकडून घेतली यावरून लढणाऱ्याची योग्यता ठरत नाही. आपल्या सैन्याने शत्रूचे इतके रणगाडे पकडले, ही वार्ता वाचून घराघरांत आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. त्या आनंदाबरोबर एवढे मात्र विचारावे, की ते पुन्हा रणांगणात उतरले तेव्हा त्यांच्यावर खूण कोणाची होती.