मुलाच्या नावावर

आपल्या वसईत लग्नसराई आली की सतरा-अठरा वर्षांची कितीतरी मुले कमावती होतात. कोणी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, कोणी केटररकडे वाढायला जातो, एखादी मुलगी शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेते. फी, जेवण, मोबाइलचा रिचार्ज सारे अजून आईवडिलांच्याच जिवावर. पण खिशात स्वतःच्या घामाचे पैसे. अशा मुलाचा आयकराशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. संबंध आहे, आणि त्यात हिशेबापेक्षा विवेकबुद्धीचा भाग मोठा आहे.

अठरा वर्षांखालील मुलाचे उत्पन्न, आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. मात्र अंगमेहनतीने किंवा स्वतःच्या कौशल्याने मिळवलेले पैसे मुलाचेच धरतात. म्हणजे ट्रम्पेटची बिदागी मुलाची. वडिलांनी त्याच्या नावे ठेवलेल्या ठेवीचे व्याज वडिलांचे. (कायदा करणाऱ्यांना बाप नावाचा माणूस चांगलाच ठाऊक असावा!) २०२५-२६ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंत कर नाही. तेव्हा आपल्या मुलांना बहुधा काही द्यावे लागत नाही. उलट आयोजकाने मानधनातून कर कापला असेल, तर तो परत मिळवण्यासाठी विवरणपत्र भरावे लागते.

अठरा पूर्ण झाल्यावर मुलगा कायद्याने स्वतंत्र होतो आणि मोह इथेच सुरू होतो. वडिलांचा धंदा बरा चाललेला असतो. कोणीतरी सुचवतो, "पोरगा अठराचा झाला ना? दोन-तीन लाख त्याच्या नावावर दाखवा, क्लासचे उत्पन्न म्हणून. त्याला कर लागत नाही." पोरगा क्लास घेतच नाही. त्याने फक्त ओटीपी सांगायचा. पूर्वी कागदावर सही करताना हात क्षणभर तरी थबकायचा.

वडिलांनी सज्ञान मुलाला खरोखर पैसे दिले, त्याने ते बँकेत ठेवले, तर व्याज त्याचे. त्यात लबाडी नाही. पैसे त्याचे झाले आहेत की नुसते नाव उसने घेतले आहे, एवढेच पाहायचे. "शेवटी सारे त्याचेच आहे ना?" असे वडील म्हणतात. मग त्यातून त्याला विचारल्याशिवाय खर्च का करता?

संत मत्तयच्या शुभवर्तमानात, सतराव्या अध्यायात, कफर्णहूमला मंदिराचा कर मागायला लोक येतात. (मत्तय स्वतः जकातदार, ही गोष्ट त्यानेच नोंदवावी यात नवल नाही.) निर्गम ग्रंथाप्रमाणे हा अर्धा शेकेल वीस वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला होता, श्रीमंताला जास्त नाही, गरिबाला कमी नाही. राजे कर कोणाकडून घेतात, मुलांकडून की परक्यांकडून, असे येशू पेत्राला विचारतो. परक्यांकडून, असे पेत्र सांगतो. तर मग मुलांना माफी आहे, असे येशू स्पष्ट म्हणतो आणि तरीही कोणी अडखळू नये म्हणून कर देतो. माफी खरी असेल तर ती घेण्यात पाप नाही, हे इथे दिसते. पण माशाच्या तोंडातले ते नाणे दोघांसाठी होते. गुरूने शिष्याचाही कर भरला. आमच्या घरात मात्र बाप आपला कर मुलाच्या आड लपवतो.

कर देणे हे नैतिक कर्तव्य आहे आणि करचुकवेगिरी सातव्या आज्ञेचा भंग आहे, असे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ शिकवतो. रस्त्यात खड्डे आहेत, सरकारी दवाखान्यात औषध नाही, ही तक्रार खरी आहे. ती सभेत, पत्रात, मतपेटीत मांडावी. पण मला खड्ड्यांपेक्षा त्या मुलाची काळजी वाटते. चौथी आज्ञा पाळावी म्हणून त्याला आठवी मोडायला लावले जाते. आयुष्यातल्या पहिल्याच सरकारी कागदावर तो खोटे बोलतो, तेही ज्याने त्याला खरे बोलायला शिकवले त्याच्या सांगण्यावरून. आईवडिलांची आज्ञा चुकीची आहे अशी मनोमन खात्री असेल तर ती पाळू नये, असे तोच ग्रंथ मुलांना सांगतो. घरात हे बोलणे सोपे नाही. "डॅडी, हे मी नाही करणार," एवढे म्हणायला अठराव्या वर्षी फार बळ लागते. आईने त्या वेळी बाजूला उभे राहावे.

आणि झालेच असेल तर? प्रायश्चित्त संस्कारात क्षमा मिळते, पण भरपाई करायची राहतेच. जक्कयने ती चौपट कबूल केली होती. आयकर खाते इतके मागत नाही. ठरावीक मुदतीत वडिलांना अद्ययावत विवरणपत्र भरून स्वतःचे उत्पन्न स्वतःच्या नावावर दाखवता येते. व्याज आणि थोडा जादा कर तेवढा भरावा लागतो.